चाळलेली माती

७ फेब्रुवारी

मायन्याची जागा कोरी ठेवली आहे, ती नजरचूक समजू नये. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून इतरांचे मायने जन्मभर तपासले. तुला पत्र लिहिण्याचा प्रसंग मात्र कधी आला नाही, कारण आपण एकाच घरात राहत होतो.

तुझा निरोप चिरंजिवाने फोनवर सांगितला. त्याचे शब्द जसेच्या तसे देतो. "बाबा, आई म्हणतेय, तिची झाडं पाठवून द्या. मावशीची गॅलरी मोठी आहे, ऊनही येतं. टेंपोचं मी बघतो." मी विचारले, "हे ती मला स्वतः का सांगत नाही?" तो घुटमळला. मग म्हणाला, "तुमच्याशी बोलताना चुका होतात म्हणते."

हे वाक्य मला नीटसे उलगडले नाही. फोनवर मी तुझ्या चुका काढल्याचे स्मरत नाही. काढल्या असल्यास अगदी ढोबळ तेवढ्याच.

तुझ्या बहिणीचा गुडघा बरा झाल्याचे कळले. आनंद वाटला. तिच्या शस्त्रक्रियेसाठी तू गेलीस तेव्हा दोनतीन आठवड्यांची बोली होती. आता ती जिने चढते, भाजी आणते, चिरंजिवाच्या सांगण्याप्रमाणे संध्याकाळी तुला घेऊन फिरायलाही जाते. गुडघा बरा झाला म्हणजे मुक्कामाचे कारण संपले, असा अर्थ मी लावला होता. झाडे मागवून घेण्याचा अर्थ निराळा होतो. तो मी लावत नाही. लावायचाच असल्यास तू स्वच्छ शब्दांत लिहावेस. तुझे कपडे तू मागेच नेलेस. स्वयंपाकघरातला रेडिओ नेलास. आता या घरात तुझे असे जे काही आहे ते खिडकीशी, फडताळावर आणि न्हाणीघराच्या काचेपाशी कुंड्यांत उभे आहे.

झाडे पाठवण्यास माझी हरकत नाही. ती उत्तम आहेत. फक्त इतक्यात टेंपो नको. प्रवासापूर्वी त्यांची थोडी तयारी व्हायला हवी.

त्या संदर्भात एक तात्त्विक शंका. घरातल्या कुंड्यांसाठी माती निवडताना नेमके काय पाहावे? तिचा रंग, पोत की वजन? सर्व झाडांना एकच माती चालावी, असे माझे तर्कशुद्ध मत आहे, कारण जमिनीवर ती कोणी वेगवेगळी वाढून देत नाही. तुझे मत कळव. घाई नाही. केवळ जिज्ञासा म्हणून विचारतो.

ता. क. पिठाची चाळण धुऊन जागेवर ठेवली आहे.


१६ फेब्रुवारी

उत्तर आले नाही. टपालाचा कारभार पूर्वीसारखा राहिलेला नाही, हे मी जाणतो.

खिडकीतल्या नेच्याची पाने कडांनी करपू लागली आहेत. पीस लिलीने माना टाकल्या आहेत. पाणी घातले तरी उचलत नाही, आणि नाही घातले तरी उचलत नाही. मागच्या पत्रात "ती उत्तम आहेत" असे लिहिले होते. लिहिण्याच्या क्षणी ते वाक्य खरे होते.

मी माती बदलली आहे. सगळ्या कुंड्यांची. टेंपोतून उतरताना तुझ्या बहिणीने त्या पाहिल्या असत्या. तिची जीभ तुला ठाऊक आहेच. "एवढी वर्षं झाडं सांभाळलीत म्हणे, आणि कुंड्यांत हा उकिरडा?" असे ती म्हणाली असती, आणि त्यात तिचे काय चुकले असते? मी पहिली कुंडी उलटी केली तेव्हा आत काय काय निघाले! विटांचे तुकडे, कोळसे, वाळलेल्या सालींचे कपटे, नारळाच्या काथ्यासारखे काहीतरी, पांढरे खडे. असा मजकूर माझ्या टेबलावर आला असता तर मी तो छापायला सोडला नसता.

नवी माती आणायला मी रोपवाटिकेत गेलो होतो. गल्ल्यावर एक बाई होत्या, डोक्यावर काळा चष्मा, एका हातात फोन.

"कसली झाडं आहेत, काका?"

"घरातली."

"घरातली म्हणजे कसली?"

"कालपरवापर्यंत बरी असलेली."

त्यांनी फोन बाजूला ठेवला. "मग ही न्या. ऑल पर्पज. सगळ्याला चालते."

"सगळ्याला म्हणजे नेच्यालाही आणि निवडुंगालाही? एकाला ओल लागते आणि दुसऱ्याला कोरडेपणा, असे ऐकून आहे."

"बापरे, तुम्ही तर अभ्यास करून आलात! अहो काका, ही चालली नाही असं सांगायला अजून एक माणूस परत आलेला नाही."

"ज्यांची झाडे मेली ते परत कशाला येतील?"

"तेच तर म्हणतेय मी!" असे म्हणून त्या इतक्या खळखळून हसल्या की माझ्या मुद्द्याचे काय झाले ते मला कळेना. पिशवीवरच्या मजकुरात अशुद्धे होती. ती मी पेन्सिलीने खुणा करून त्यांना दाखवली. त्यांनी आभार मानले नाहीत. पिशवी मात्र रिक्षापर्यंत स्वतः उचलून आणली. त्या वाईट नव्हत्या. त्यांना झाडांतले काही कळत नव्हते, आणि मलाही.

ती माती काळी, मऊ, सुबक आहे. एकही खडा नाही. तरीही लिली मान उचलत नाही.

म्हणून पुन्हा विचारतो, आता केवळ जिज्ञासा म्हणून नव्हे. माती कोणती?


२६ फेब्रुवारी

तू वाचत असशील असे धरून लिहितो. चिरंजीव म्हणाला, "आईला पत्रं मिळतात, बाबा. ती वाचते." मी विचारले, "वाचून काय म्हणते?" तो म्हणाला, "चष्मा पुसते आणि ठेवून देते." हे चांगले की वाईट, ते त्याला सांगता आले नाही.

तर जे घडले ते क्रमाने सांगतो. मागच्या पत्रात मी नवी माती आणल्याचे लिहिले. त्याआधीचे लिहायचे राहिले. आधी मी जुनीच माती वापरणार होतो. ती वाईट नव्हती. तिच्यातला कचरा तेवढा काढायचा होता. मी वर्तमानपत्रे पसरून सगळ्या कुंड्या रिकाम्या केल्या, माती उन्हात वाळवली आणि चाळली. बागेची चाळण आपल्याकडे नाही, म्हणून पिठाची घेतली. ती बारीक असते, हे मला त्या वेळी गुणच वाटले. खाली जी माती पडली ती पाहून मला फार समाधान झाले. इतकी स्वच्छ माती मी पाहिली नव्हती. वर राहिलेले सगळे गाळसाळ दोन पोत्यांत भरून खालच्या कचराकुंडीत टाकले. पण मग माती कुंड्यांत निम्म्यावरच आली. उरलेली जागा भरायला रोपवाटिकेतली आणली, आणि तीही चाळली. तिच्यातून मात्र फारसे काही निघाले नाही.

ऑर्किडला तर तू मातीच दिली नव्हतीस. नुसत्या साली आणि कोळसे. मला त्याची दया आली. इतकी वर्षे ते बिचारे कशावर उभे होते? मी त्याला कुंडीभर माती दिली आणि बोटांनी चांगली दाबून बसवली.

आता अवस्था अशी आहे. पाणी घातले की ते वर तळ्यासारखे उभे राहते, खाली उतरत नाही. एक दिवस घातले नाही तर माती आवळून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि मग घातलेले पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली बशीत येते. मधला गोळा कोरडा तो कोरडाच. लिलीच्या कुंडीतून नासल्यासारखा वास येतो. बारीक चिलटे झाली आहेत. ती चहात पडतात. खालचे दंतवैद्य वर येऊन म्हणाले, "आजोबा, तुमच्या खिडकीतून चिखल गळतोय, माझ्या पाटीवर." मी क्षमा मागितली. ते म्हणाले, "आजी केव्हा येताहेत?" मी म्हणालो, "लवकरच." हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते.

रबराचे झाड अजून तग धरून आहे. जेडच्या झाडाची पाने पाणी भरल्यासारखी फुगून एकेक करून गळतात. हात लावला की गळतात, म्हणून मी त्या बाजूने जाताना श्वास रोखतो. प्रत्येक झाडाला काही निराळे हवे आहे आणि कोणाला काय, ते मला कळत नाही. एकाला पाणी कमी केले की ते सुधारेल असे वाटते, तोवर शेजारचे वाळते. मी दिवसभर एका कुंडीकडून दुसरीकडे फिरतो. काहीही करायला हात उचलला की भीती वाटते, आणि नाही उचलला तरी डोळ्यांदेखत ती जातच आहेत.

जाताना दारात तू एवढेच म्हणाली होतीस, "पाणी विसरलात तरी चालेल. मातीला हात लावू नका." मला ते आठवत होते. मला वाटले, हे सावधगिरीचे वाक्य आहे, नियम नव्हे.

येत्या रविवारी टेंपो येणार असे चिरंजीव म्हणतो. कृपा करून तो पुढे ढकल. मी त्याला सांगितले आहे की आपल्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. लिफ्ट चालू आहे. पण ही झाडे या अवस्थेत तुझ्यापुढे उतरवली तर तुला इथे परत येण्याचे एकही कारण उरणार नाही, आणि बरी असताना उतरवली असती तरी उरले नसते, हेही मला दिसते. झाडे इथे आहेत तोवर तू कधीतरी येशील, असे मी धरून चाललो होतो. म्हणून ती मला जगवायची आहेत. यापलीकडे माझा दुसरा हेतू नाही.


५ मार्च

ऑर्किड गेले. बुंध्याशी धरले तर हातात आले. खाली मुळे नव्हती, तपकिरी पाणी होते.

जेडही गेला म्हणायचा.

मला माती कोणती ते सांग. एका ओळीत सांग. फोनवर सांग किंवा चिरंजिवाला सांग, बहिणीला सांगायला लाव. कसेही सांग, अर्धवट सांग, चुकीच्या शब्दांत सांग. मी काहीही दुरुस्त करणार नाही.

किंवा ये. टेंपो घेऊनच ये, माझी हरकत नाही.

हे पत्र मी पुन्हा वाचून पाहिलेले नाही. तसेच पाकिटात घालतो आहे.


१४ मार्च

तू येऊन गेलीस त्याला आता आठवडा होत आला. घडले ते तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण त्या दिवशी माझ्याकडून बोलणे झाले नाही.

टेंपोच्या पुढच्या बाकावर तू बसली असशील अशी माझी कल्पना नव्हती. मी खिडकीतून पाहत होतो. चालकाने दार उघडले तेव्हा तू त्याला काहीतरी सांगत होतीस आणि तो मान मागे टाकून हसत होता. वर आल्यावर तू चपला काढल्यास, घराकडे न पाहता सरळ खिडकीशी गेलीस आणि लिलीच्या कुंडीत बोट खुपसलेस.

"चाळलीत?"

"पत्रात लिहिले होते."

"वाचलं. तरी खरं वाटेना." मग म्हणालीस, "पिठाच्या चाळणीनं?"

"धुतली आहे."

तू कपाळावर हात ठेवून खाली बसलीस. तुझे खांदे हलू लागले. मला वाटले, रडते आहेस. मी पाणी घेऊन आलो, तेव्हा कळले की हसते आहेस. "अहो, दळण आणलं होतंत का तुम्ही?" असे म्हणालीस. या घरात तू अशी हसलेली मला अलीकडे आठवत नाही. मी पाण्याचा पेला हातात धरून तसाच उभा राहिलो.

मग तू वर्तमानपत्रे पसरलीस. एकेक झाड उलटे करून मुळे पाहिलीस. तपकिरी, लिबलिबीत झालेली कात्रीने कापलीस, पांढरी ठेवलीस. मी विचारले, "हे जगेल?" तू म्हणालीस, "बघू." प्रत्येक झाडाला मी तेच विचारले आणि प्रत्येक वेळी तू तेच उत्तर दिलेस. शेवटी म्हणालीस, "आता विचारू नका ना. मी काय डॉक्टर आहे?"

तू बरोबर पोते आणले होतेस. त्यातून निघालेल्या वस्तू मी ओळखल्या: साली, कोळसे, जाड वाळू, काथ्याचा भुसा, पांढरे खडे. दोन पोती भरून मी खाली टाकले होते तेच.

"हा कचरा नव्हता हो," तू म्हणालीस. "मुळांना श्वास घ्यायला जागा लागते. तुम्ही सगळं कसं गच्च बसवून टाकलंत."

मी प्रमाण विचारले. कशाचे किती भाग, ते मला लिहून घ्यायचे होते. तू म्हणालीस, "असं लिहून नाही सांगता येत. नेच्याला भुसा जास्त, निवडुंगाला वाळू जास्त, ऑर्किडला मातीच नाही. हातात घेऊन दाबायची. मूठ उघडली की सुटली पाहिजे. बघा."

मी मूठ भरून दाबली. उघडली तर गोळा.

"इतकं दाबायचं नसतं." तू माझी बोटे एकेक करून सैल केलीस, जशी लहान मुलाच्या मुठीतून एखादी वस्तू काढून घ्यावी तशी. तुझे हात थंड होते आणि नखांत माती होती.

एक गोष्ट मी त्या दिवशी पाहिली. चालक कुंड्या खाली नेत होता, आणि त्याच्याशी तू सारखी बोलत होतीस. "अरे ती तिरपी धर, हां, तशी, अगं बाई, पडली असती, नाही नाही, राहू दे, ती दुसरी आधी ने, मुलं किती म्हणालास?" वाक्ये अर्ध्यावर सोडत होतीस, दुसरीच धरत होतीस, आणि त्याला सगळे समजत होते. माझ्याकडे वळलीस की मात्र क्षणभर थांबायचीस. ओठ मिटून आतल्या आत काहीतरी जुळवायचीस, मग बोलायचीस. मी दिवसभरात तुला एकदाही टोकले नाही. मी ठरवूनच ठेवले होते. तरी तू थांबतच होतीस.

निवडुंग खाली गेला. रबराचे झाड गेले. नेचा जगेल न जगेल, पण तोही तू कापडात गुंडाळून घेतलास. फडताळ रिकामे होताना फळ्यांवर कुंड्यांचे फिकट गोल दिसू लागले. तेव्हा मी म्हणालो, "इथेच राहू दे ना. इथेही पाणी घालता येते."

तू थांबलीस. "झाडं?"

"हो. झाडं," मी म्हणालो.

"झाडं मी नेते," तू म्हणालीस. आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर मला उत्तर देता आले असते.

दुसरे एक वाक्य माझ्याजवळ तयार होते. कित्येक दिवस मी ते घोळवत होतो. त्यातला प्रत्येक शब्द तपासलेला होता, आणि तोंडाशी आल्यावर ते इतके बांधेसूद वाटले की मलाच ते खरे वाटेना. म्हणून बोललो नाही.

तळाशी कालवलेली माती बरीच उरली होती. तू ती बादलीत लोटलीस, वर ताटली ठेवलीस आणि हात झटकत म्हणालीस, "ही उरली. राहू दे इथे. वाया जात नाही." मी विचारले, "कशासाठी?" पण खालून भोंगा वाजला आणि तू चपला घालत होतीस. उत्तर दिलेस की नाही, मला ऐकू आले नाही. कदाचित दिले असशील. जिन्यातून तुझा आवाज येत होता, तो चालकाशी होता.

आता घर झाडून घेतले आहे. चिलटे गेली. दंतवैद्य काही म्हणत नाहीत. त्यांची पाटी मी स्वतः पुसून दिली. मेलेल्या झाडांच्या कुंड्या तू धुऊन पालथ्या घातल्यास, त्या तशाच आहेत.

बादली मी स्वयंपाकघरात ठेवली आहे. सकाळी चहा झाला की ताटली काढतो, मूठ भरतो, दाबतो आणि उघडतो. पहिले काही दिवस गोळाच होत होता. आज मूठ उघडली आणि माती आपोआप सुटून बादलीत पडली. मी पुन्हा करून पाहिले. पुन्हा सुटली. एवढे दिवस ज्या मातीचा शोध घेतला ती आता माझ्याजवळ आहे, हातालाही कळू लागली आहे, आणि तिच्यात लावायला या घरात एकही झाड नाही.

हे सांगायला इकडेतिकडे पाहिले. मग लिहायला बसलो.

ती ओली ठेवायची की कोरडी, हे विचारायचे राहून गेले. तू जिना उतरली होतीस. तेवढे कळव.